हंच म्हणजे नक्की काय?

आजचा शब्द आहे 'हंच'. 'आय हॅव अ हंच' म्हणजे पुरावा हातात नाही, पण मन सांगतंय की असंच असणार. आपण मराठीत म्हणतो, 'मला आतून वाटतंय.' काहीतरी गडबड वाटली की मनात शंकेची पाल चुकचुकते. हंच मात्र चांगल्या गोष्टीबद्दलही असू शकतो.

गंमत म्हणजे, १७व्या शतकात या शब्दाचा अर्थ होता धक्का. पाठीच्या कुबडालाही हंच म्हणतात, आणि लॅपटॉपसमोर पोक काढून बसणं म्हणजेही हंच! 'आतून वाटणं' हा अर्थ अमेरिकन इंग्रजीत १९००च्या आसपास रुळला. मनाला बसलेला हलका धक्का, असं लक्षात ठेवा.

आता माझा किस्सा. एका शुक्रवारी संध्याकाळी आमचं रिलीज होतं. सगळ्या टेस्ट पास. तरी मला वाटत होतं, तारखांचा कोड गंडणार. पण पुरावा नव्हता, सीनियर लोकांसमोर कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. रात्री २ वाजता फोन वाजला. तारखाच गंडल्या होत्या.

तेव्हा या शब्दाचा खरा उपयोग कळला. 'आय नो' म्हटलं की लोक पुरावा मागतात. 'आय हॅव अ हंच' म्हणताना खात्री नाही हे तुम्ही आधीच कबूल करता, त्यामुळे चुकलात तरी खोटे पडत नाही. फक्त पुढचं वाक्य विसरू नका: 'लेट्स चेक.' कारण हंच चुकतोही. पण मनातच ठेवला, तर तो तपासणार कोण?