कंपायलर आणि त्याच्या रनटाइम लायब्रऱ्यांचा शोध

उच्चस्तरीय भाषेतील प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा तो कंपायलर, ही व्याख्या बरोबर असली तरी अपुरी आहे. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांच्या दोन पूर्णांकांचा भागाकार करावयाचा झाल्यास यंत्राजवळ सामान्यतः तशी एकच सूचना नसते; कंपायलर तेथे एखाद्या तयार उपकार्यक्रमाचे साहाय्य घेतो. अशा उपकार्यक्रमांच्या संग्रहास रनटाइम लायब्ररी म्हणतात. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या जीसीसी या कंपायलरचा असा संग्रह म्हणजे 'लिबजीसीसी'. सी++ भाषेसाठी त्याच्या जोडीला 'लिबएसटीडीसी++' लागतो.

कंपायलर यंत्रावर बसविल्यानंतर हे संग्रह सापडतात कसे? वस्तुतः हा एक प्रश्न नसून दोन प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे दोन निरनिराळे घटक देतात.

पहिला प्रश्न प्रोग्राम जोडण्याच्या वेळचा. जीसीसी बांधतानाच त्याच्या स्थापनेचे मूळ स्थान त्यात नोंदविले जाते. वेगळे न सांगितल्यास ते '/यूएसआर/लोकल' असते. परंतु जीसीसी केवळ या नोंदीवर विसंबत नाही. आपण स्वतः कोणत्या डिरेक्टरीतून चालविले गेलो हे तो पाहतो आणि तेथून सापेक्ष मार्गाने आपल्या लायब्रऱ्यांचे स्थान ठरवितो. यास्तव स्थापनेचा संपूर्ण वृक्ष दुसरीकडे हलविला तरी काम अडत नाही. त्यातील एकच फाइल उचलून नेली तर मात्र हा संबंध तुटतो. क्लँग हा कंपायलरही आपली साधनसामग्री स्वतःच्या स्थानावरूनच शोधतो. तथापि लिनक्सवर तो बहुधा यंत्रावरील जीसीसीच्याच लायब्रऱ्या वापरतो.

दुसरा प्रश्न प्रोग्राम चालविण्याच्या वेळचा. सामायिक लायब्ररी प्रोग्राममध्ये समाविष्ट नसते. तिचे केवळ नाव त्यात असते. ती शोधण्याचे काम लोडर करतो, आणि लोडरला कंपायलरच्या स्थानाची काहीच माहिती नसते. लिनक्सवरील लोडर प्रोग्राममध्ये नोंदलेला मार्ग, 'एलडी लायब्ररी पाथ' हे परिस्थितिचल, 'एलडीकॉन्फिग'ने तयार केलेली सूची आणि शेवटी प्रणालीच्या ठराविक डिरेक्टऱ्या एवढ्याच ठिकाणी पाहतो. जीसीसी सामान्यतः आपल्या लायब्ररीचा मार्ग प्रोग्राममध्ये आपण होऊन नोंदवीत नाही.

अडचण उद्भवते ती येथेच. संशोधकाने सामायिक संगणकावर आपल्या डिरेक्टरीत नवा जीसीसी बसविला, तर जोडणी नव्या लायब्ररीशी होते. चालविताना मात्र लोडरला प्रणालीची जुनी लायब्ररी सापडते. २००४ सालच्या जीसीसी ३.४ पासून लिबएसटीडीसी++चा नामांकित क्रमांक ६ हाच राहिल्याने दोहोंच्या नावांत भेद नसतो. प्रोग्रामला नवे चिन्ह हवे असेल, तर आवश्यक आवृत्ती नसल्याची सूचना देऊन तो थांबतो. तसे चिन्ह नको असेल, तर तो जुन्या लायब्ररीवर निमूटपणे चालतो आणि संशोधकास त्याचा पत्ताही लागत नाही. यांपैकी दुसरी स्थिती अधिक घातक होय; कारण कोणत्या साधनाने गणित झाले हे ठाऊक नसताना निष्कर्षाची पुनःपडताळणी करता येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. जोडणीच्या वेळी 'आरपाथ' या पर्यायाने लायब्ररीचे स्थान प्रोग्राममध्येच नोंदवावे. 'ओरिजिन' या संकेताने ते प्रोग्रामच्या स्थानाशी सापेक्षही ठेवता येते. कंपायलर कोठे शोधतो हे जीसीसीच्या 'प्रिंट-सर्च-डर्स' या पर्यायाने कळते. लोडरला प्रत्यक्षात काय सापडले हे 'एलडीडी' सांगते. ही दोन उत्तरे ताडून पाहिल्यावाचून कंपायलरची स्थापना पूर्ण झाली असे समजू नये.