गाडी ‘मिसिंग’ मारते: आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट घ्या

आजचा विषय आहे जुन्या गाडीचं मिसफायर. इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, गॅरेजात सगळे म्हणतात, गाडी ‘मिसिंग’ मारते. चढावर तिला दम लागतो, सिग्नलला उभी असताना थरथरते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. मग कोणी प्लग बदलायला सांगतं, कोणी कॉइल, कोणी थेट इंजिन खोलायला. माझं म्हणणं एवढंच आहे की कोणता सिलिंडर बंद आहे हे कळेपर्यंत खिशात हात घालू नका.

उदाहरणाला कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घेऊ. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर ३. त्यातला एक बंद पडला की जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेली. सिलिंडर चालायला ३ गोष्टी लागतात: ठिणगी, हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण आणि कॉम्प्रेशन. यातली कोणती कमी पडते आहे, ते आपल्याला शोधायचं आहे.

आधी सुरक्षा. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. बाह्या, ओढणी फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा. पेट्रोल गळत असेल तर तपासणी तिथेच थांबवा. प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात, म्हणून पेसमेकर बसवलेल्यांनी हे काम करू नये.

पहिली पायरी: ऐका. इंजिन गरम झालं की आयडलिंगवर सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. ठरावीक अंतरानं खाडा पडत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर बंद आहे. खाडा कधीही, कसाही पडत असेल, तर सगळ्या सिलिंडरांच्या सामायिक भागांवर संशय घ्या: रोटर, पॉइंट, कॉइल, कार्ब्युरेटर किंवा फुटलेली व्हॅक्यूम नळी. फक्त पावसाळी सकाळीच त्रास होत असेल, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आत ओल आहे का, तडा गेला आहे का ते पाहा.

दुसरी पायरी: बंद सिलिंडर शोधा. इंजिन बंद करा. एका प्लगची वायर काढून तिला एक जादा प्लग लावा आणि त्या प्लगचं धातूचं अंग कार्ब्युरेटरपासून दूर, इंजिनच्या धातूला पक्कं टेकवून बांधा. वायर नुसती लोंबकळत ठेवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलचं इन्सुलेशन फुटू शकतं. आता गाडी सुरू करा. इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आपला रोगी तोच. असं तिन्हींचं पाहा, पण प्रत्येक वेळी काही सेकंदच. भारतात १९९५ पासून ४ महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तुमच्या गाडीला तो असेल, तर न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि तो भयंकर तापतो. खाली वाळलं गवत असेल तर आगही लागू शकते. म्हणूनच मिसिंग मारणारी गाडी तशीच महिनोन्महिने हाकू नये.

तिसरी पायरी: अदलाबदल. इंजिन थंड होऊ द्या. प्लगभोवतीची धूळ झाडा, मगच प्लग काढा. तपकिरी, कोरडा प्लग ठीक. पेट्रोलनं ओला असेल तर ठिणगी पडत नाही. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत येतं आहे. आता हा प्लग चालू सिलिंडरमध्ये लावा आणि तिथला इथे. बसवताना आधी हातानंच फिरवा, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे जातात. खाडा प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर प्लग दोषी. नाही गेला, तर लांबी पुरत असल्यास वायरची तशीच अदलाबदल करा, पण दोन्ही टोकांनी. नाहीतर १-३-२ हा फायरिंगचा क्रम बिघडेल. फौजेत आम्हांला शिकवलं होतं, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. आमच्या सोसायटीतल्या एका गाडीला इंजिन खोलायचा सल्ला मिळाला होता. वायर बदलून पाहिली आणि खाडा २ नंबरवरून ३ नंबरवर गेला. एका नव्या वायरवर काम भागलं.

चौथी पायरी: कॉम्प्रेशन. तिन्ही प्लग काढा, कॉइलचं कनेक्शन सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरवर गेज लावा आणि ४-५ फेरे स्टार्टर मारा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली असेल, तर दोष आत आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला, तर रिंग झिजल्या. नाही वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असू शकतं. तरीही हेड उतरवण्याआधी टॅपेटचं अंतर तपासून घ्या. सीएनजीवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजून हे अंतर संपतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. वेळीच लक्षात आलं, तर नुसतं अंतर जुळवून भागतं.

दोष आत निघाला तर गॅरेजला जावंच लागेल. पण जाताना कागदावर बंद सिलिंडरचा नंबर, प्लगचा रंग आणि कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे लिहून न्या. मग मेकॅनिक अंदाजावर पार्ट बदलत बसणार नाही आणि तुम्हीही त्याला नेमका प्रश्न विचाराल.