बिदरची माती आणि आपले घर

चतुर्थी, दिवाळी आणि लग्नसराई या दिवसांत आपल्या बाजारपेठांतून शोभेच्या आणि भेटीच्या वस्तूंचे पेव फुटते. प्लास्टिकची फुले, कचकड्याच्या चौकटींतील देवादिकांच्या तसबिरी, सोनेरी मुलामा दिलेली सन्मानचिन्हे, चार महिन्यांत तडकणाऱ्या बागेतल्या कुंड्या आणि पेट्या यांनी दुकाने ओसंडून वाहतात. यातील बहुतेक वस्तू वर्षभरात माळ्यावर आणि दोन वर्षांत कचऱ्यात जातात. पुढे त्यांचे काय होते याचा विचार करण्याचे आपल्याला कारण पडत नाही, कारण तो प्रश्न आपण पंचायतीच्या किंवा पालिकेच्या गाडीवर सोपवून मोकळे झालेलो असतो.

‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग आम्ही वर सहज केला आणि वाचकांनीही तो सहज वाचला असेल. परंतु पेव म्हणजे काय, हे किनाऱ्यावरील नव्या पिढीला सांगावे लागेल. पेव म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेले कोठार. आपल्याकडे कणगी असे, कोठी असे, गवताने आवळून बांधलेली भाताची मुडी असे. धो धो पावसाच्या मुलखात जमिनीच्या पोटात धान्य ठेवणे शक्यच नव्हते. पेव ही घाटापलीकडच्या कोरड्या प्रदेशाची, सोलापूर, मराठवाडा, कलबुर्गी आणि बिदर या ज्वारीच्या मुलखाची रीत. आज घर आणि कचेरी कशी सजवावी, कशात काय साठवावे आणि निसर्गाला कमीत कमी ओरबाडून कसे राहावे, याची चर्चा सर्वत्र चालू आहे. त्या चर्चेत या सीमाभागाकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

हा भाग आपल्याला परका नाही. दत्तभक्त गोमंतकीय वर्षानुवर्षे कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर स्नानासाठी जातात. कित्येकांची पावले पुढे हुमनाबादजवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंच्या दर्शनाला वळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन भालकी, औराद, बसवकल्याण हे तालुके आजच्या कर्नाटकात गेले, तरी तेथील कित्येक घरांतून मराठी गेली नाही. इतिहासाचा धागा तर याहून जुना आहे. बिदरच्या बहामनी दरबारचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली विजयनगरच्या हातून गोवा घेतला आणि त्याच वर्षाच्या सुमारास बिदरात त्याचा प्रसिद्ध मदरसा उभा राहिला. एवढे असून आपले यात्रेकरू त्या बाजूने परततात ते प्लास्टिकच्या चौकटीतला एखादा फोटो घेऊन. तो फोटो कोठेही मिळाला असता. जे फक्त तेथेच मिळते किंवा तेथेच पाहता येते, ते पाहण्याचे मात्र राहून जाते.

प्रथम पेवाचेच पाहू. गावठाणातील उंचवट्याच्या कोरड्या जागी खोल खड्डा खणावयाचा, तळाला व बाजूंना कडब्याचे अस्तर द्यावयाचे, आत ज्वारी भरावयाची आणि तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपावयाची. आत कोंडलेले धान्य श्वसन करते, त्यात हवेतील प्राणवायू संपतो, कर्बवायू वाढतो आणि किडीला जगता येत नाही. औषध नाही, गोळी नाही, वीज नाही. दुष्काळी मुलखात अशा साठ्यावर माणसे जगली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठोबा विठू महाराच्या रूपाने ते देणे फेडण्यासाठी बेदरच्या दरबारी गेला, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहो. त्या कथेतील भक्ती मोठी आहेच. पण साठवण कशासाठी करावयाची, याचेही उत्तर तीत आहे. साठा मिरविण्यासाठी नसतो. अडीअडचणीच्या दिवसासाठी असतो.

जुने ते सर्वच सोने, असे मात्र आमचे म्हणणे नाही. पेव उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसे त्याच कर्बवायूने गुदमरून प्राणास मुकल्याच्या घटना घडल्या आहेत. आज कोणी अंगणात पेव खणावे असे आम्ही सुचविणार नाही. घ्यावयाचे ते त्यामागचे तत्त्व. घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरलेले, उन्हात कडकडीत वाळवलेले धान्य विषारी गोळ्यांवाचून टिकते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. ती डाळ घेणाऱ्याने ऊन, कडुनिंबाचा पाला आणि कोरडा डबा हे जुने साधनही सोबत घ्यावे.

आता पाण्याच्या साठवणीकडे वळू. बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्या दगडाचे आहे, हे आमच्या वाचकांना ऐकून नवल वाटेल. ज्या चिऱ्याने आपली घरे बांधली, ज्याचे सडे आपल्या डोंगरमाथ्यांवर पसरले आहेत, तोच दगड तेथे घाटापलीकडे शेकडो मैल आत आहे. जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी तो आत घेतो आणि खालच्या घट्ट थरावर ते साचून वाहू लागते. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीच्या जाणकारांनी हे हेरले आणि जमिनीखालून अगदी मंद उताराचे बोगदे खोदून ते पाणी वस्तीपर्यंत व मळ्यांपर्यंत आणले. यांनाच करेझ म्हणतात. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी विवरे ठेवली, म्हणजे हवा खेळते, गाळ काढता येतो आणि लोकांना पाणीही शेंदता येते. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी येथील करेझ आजही दाखविले जातात. पंप नाही, इंधन नाही आणि पाणी भूमिगत असल्यामुळे उन्हाने आटण्याची भीतीही कमी.

पुढे नळ आले, कूपनलिका आल्या आणि करेझ विस्मरणात गेले. काही विवरे बुजली, काहींत कचरा पडला. एप्रिल २०१६ मध्ये बिदरच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा साऱ्या देशाने ते चित्र पाहिले. त्या सुमाराच्या दुष्काळातच बिदरकरांना आपल्या पायाखालच्या बोगद्यांची पुन्हा आठवण झाली. अभ्यासकांनी त्यांचे नकाशे तयार केले आणि प्रशासनाने गाळ काढण्याचे काम हाती घेतले. पाचशे वर्षांपूर्वीची व्यवस्था साफ केल्यावर पुन्हा पाणी दाखवू लागते, याहून तिच्या गुणवत्तेचा दाखला तो कोणता?

आपल्या कुळागरांचे मर्म याहून वेगळे नाही. सड्याने पाऊस प्यावयाचा, पायथ्याच्या झरीने तो वर्षभर थोडा थोडा द्यावयाचा आणि पाटाने तो पोफळी-माडांच्या मुळाशी न्यावयाचा, ही आपली करेझच होय; फक्त बोगदा निसर्गाने खणून ठेवला. आज सडे खाणींसाठी आणि वसाहतींसाठी खरवडले जात आहेत आणि झरी आटल्या म्हणून आपण बागेत प्लास्टिकच्या टाक्या बसवीत आहो. टाकी ही सोय आहे, साठवण नव्हे. खरी साठवण सड्याच्या पोटात आहे. बागेचे सामान ठेवावयाचे तर झावळ्यांनी शाकारलेला मांगर होता. त्यात कोयते, खोरी, सोडणे आणि सुका पाला जाई, आणि मांगर मोडला तरी त्याचे पुन्हा खतच होई. विकतच्या प्लास्टिकच्या खोपटापेक्षा तो आजही उजवा आहे. पालापाचोळा पेटवून धूर करण्याऐवजी परसातील खड्ड्यात घालावा, एवढी एक सवय लावली तरी बाजारची खताची पिशवी आणि सकाळचा धूर ही दोन्ही टळतील.

राहिला प्रश्न कलावस्तूंचा. बिदरचे नाव ज्या कलेने जगभर नेले ती बिदरी. जस्तात थोडे तांबे मिसळून, साधारण सोळास एक या प्रमाणात, मातीच्या साच्यात भांडे ओततात. कानशीने ते गुळगुळीत करून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात, म्हणजे तात्पुरता काळा रंग चढून त्यावर नक्षीची रेघ दिसते. मग छिन्नीने ती नक्षी कोरावयाची आणि खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवावयाचा. शेवटी भांडे किंचित तापवून त्यावर नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांचा लेप चोळतात. जस्ताचा धातू गर्द काळा पडतो. चांदीला मात्र काहीही होत नाही, ती अधिकच उजळते. ही माती किल्ल्याच्या जुन्या, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या भागातली असावी लागते, आणि जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. जी धूळ आपण झाडून टाकू, तिच्यात या माणसांनी काळ्या रंगाची खाण ओळखली.

बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि २०२३ साली बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. या गौरवाने आम्हांला आनंद झाला; पण गौरवाने चूल पेटत नाही. चांदीचा भाव चढत जातो, एका वस्तूला दिवसच्या दिवस लागतात आणि बाजारात काळा रंग फासलेल्या नकली मालाशी स्पर्धा करावी लागते. कारागिराचा मुलगा मग दुसरी वाट धरतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? ज्या समाजाला सन्मानचिन्ह म्हणून शेकड्याने प्लास्टिकचे ठोकळे घेताना काही वाटत नाही, त्याने कला मरते म्हणून हळहळणे हा दुटप्पीपणा आहे.

बिदरी महाग आहे, सामान्य माणसाने ती कोठून घ्यावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. जस्त खाणीतूनच येते, तेही फुकट येत नाही, हेही खरे. पण एक बिदरीची डबी तीन पिढ्या टिकते, हातांच्या स्पर्शाने आणि तेलाच्या बोटाने ती अधिकच खुलते, आणि तिच्यातली चांदी कधीही मोलाची राहते. दहा वर्षांत दहा वस्तू घेण्यापेक्षा एक घ्यावी, एवढाच आमचा आग्रह आहे. आणि बिदरीच पाहिजे असेही नाही. कलबुर्गीचे चित्रकार एस. एम. पंडित (१९१६–१९९३) यांची पौराणिक चित्रे दिनदर्शिकांवर छापली गेली आणि अतिशय साध्या घरांच्या भिंतींवर पोचली. कित्येक घरांनी वर्ष संपल्यावर ती फेकली नाहीत. लाकडी चौकटीत बसवून देवघराशेजारी लावली. कागद स्वस्त होता, पण निवड डोळस होती. वस्तूचे मोल तिच्या किमतीवर ठरत नाही. ती आपण किती काळ सांभाळतो, यावर ठरते.

आपल्याकडेही अशा गोष्टींची वाण नाही. चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवून ती कोरून काढलेली कावी चित्रे गोव्यातील, सिंधुदुर्गातील आणि कारवारकडील जुन्या देवळांच्या व घरांच्या भिंतींवर आहेत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यांवर तैलरंगाचे आणि चकचकीत फरशांचे थर चढत आहेत. कुंभाराच्या मडक्याला, वेताच्या पाटीला, मातीच्या मूर्तीला आपण उत्सवापुरते आठवतो. बिदरच्या कारागिराने किल्ल्याची माती ओळखली. आपल्या पूर्वजांनी लाल काव ओळखली. आपण मात्र दोन्हीवर सिमेंट ओततो.

कचेऱ्यांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण घरापेक्षा तेथील उधळपट्टी मोठी असते आणि ती कोणाच्याच खिशाला लागत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. तरीही सभा-समारंभांत पाण्याच्या छोट्या बाटल्या, गुंडाळलेले पुष्पगुच्छ आणि एका दिवसाचे फलक यांची रीत सुटलेली नाही. सत्काराला रोप, मडके किंवा कारागिराच्या हातची एक छोटी वस्तू द्यावी; पाण्याला तांब्या-भांडे ठेवावे; भिंतीवर परदेशी देखाव्याच्या छापील चित्राऐवजी गावच्या चित्रकाराचे एक चित्र लावावे. यासाठी नवा कायदा नको, खात्याचा एक ठराव पुरे. देवस्थान समित्या, शाळा आणि सहकारी संस्था यांनी पुढाकार घेतला तर सरकारला मागून यावेच लागेल.

कोणतीही वस्तू घरात आणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: ही कशाची केली, कोणाच्या हाताने केली, किती दिवस टिकेल आणि मोडल्यावर कोठे जाईल? पेव, करेझ आणि बिदरी या तिन्ही गोष्टी या कसोटीला उतरतात, कारण तिघींचाही जन्म पायाखालची माती जाणण्यातून झाला. गाणगापूरला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी पुढच्या खेपेला एक दिवस अधिक काढावा, बिदरच्या कारागिराच्या ओटीवर घटकाभर बसावे, नौबादच्या विवरात डोकावून पाहावे. परत आल्यावर आपल्या सड्याकडे, झरीकडे आणि देवळाच्या जुन्या भिंतीकडे त्यांची नजर थोडी बदललेली असेल, याची आम्हांला खात्री आहे. ती बदललेली नजर वेळेवर आली नाही, तर वाचवावयाला फारसे काही उरणार नाही.