गुरुवारचं पाणी

2014 चा मे महिना. पुण्यात अंगाची लाही लाही होत होती आणि मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून ऑटिस्टिक मुलांच्या पालकांच्या बैठकीच्या खोलीत शिरले. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. ऑटिझमचं निदान होऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या दातांचे वण होते आणि ते कुणाच्या नजरेला पडू नयेत, एवढीच धडपड. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता आपली बाही वर सरकवली. तसेच वण, जुने, पांढुरके पडलेले. ‘‘माझा आता एकवीसचा आहे. तुम्ही चहा घ्या आधी.’’

घरच्या, दारच्या लोकांनी तोवर एकच गोष्ट नाना परींनी ऐकवली होती: आईनं लाडावून ठेवलंय. एक शाळा तर चौथ्या महिन्यात ‘दुसरीकडे बघा’ म्हणून मोकळी झाली. आईवरचा हा ठपका किती जुना आहे, हे मला त्या खोलीत कळलं. अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 साली अख्खं पुस्तक लिहून आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवलं होतं. त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी ऑटिझमचं मूळ शरीरात आहे, आईच्या मायेत नाही, असं मांडलं. ते मानसशास्त्रज्ञ होते, पण ऑटिस्टिक मुलाचे वडीलही होते. पुढच्याच वर्षी त्यांनी इतर पालकांना बरोबर घेऊन तिथली संघटना उभी केली. आपल्याकडे दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ 1991 मध्ये सुरू झाली, तीही मेरी बरुआ या आईच्या पुढाकारानं. आपल्या 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. 2016 च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ते आलं. हे सगळं मला बैठकीतल्या एका निवृत्त बँक अधिकारी काकांनी वेळोवेळी सांगितलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या मुलीचं वय तीस होतं.

त्याच काकांनी मला मुलाच्या चावण्याच्या नोंदींची वही ठेवायला लावली. तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आपण काय केलं. मी दीड महिना लिहिलं, मला काही दिसेना. काकांनी पानं उलटली आणि वारांवर बोट ठेवत गेले. ‘‘ताई, गुरुवारी काय असतं हो तुमच्याकडे?’’

गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी पाणी बंद असायचं. आदल्या रात्री भरलेल्या बादलीतून मी त्याला आंघोळ घालायचे. रोजचा शॉवर नाही. बोलता न येणाऱ्या मुलाला हे कोण समजावणार? मग त्याच्या कॅलेंडरवर प्रत्येक गुरुवारी आम्ही बादलीचं चित्र चिकटवलं आणि बुधवारी रात्री ते त्याला दाखवायला लागलो. चावणं थांबलं नाही, पण गुरुवार निभायला लागले. बादलीचं ते चित्र मी अजून जपून ठेवलंय.

सगळंच काही सुटलं नाही. बारा-तेराव्या वर्षी त्याची ताकद वाढली आणि पुन्हा कठीण दिवस आले. 2020 च्या टाळेबंदीत आमची बैठक फोनवर आली. रात्री दोनला ‘झोपला का?’ असा मेसेज टाकला की तीन घरांतून ‘नाही’ यायचं. त्या तीन नकारांनी मला सकाळपर्यंत नेलं. सख्ख्या बहिणीचा जीव माझ्यासाठी तुटतो, पण तिला आधी सगळं सांगावं लागतं. इथे सांगावं लागत नाही.

गेल्या जूनमध्ये एक नवी आई आली. चप्पल पायातच ठेवून दाराशी टेकली, केव्हाही पळावं लागेल अशा बेतानं. दहाव्या मिनिटाला तिच्या मुलानं जमिनीवर अंग टाकलं, टाचा आपटायला लागला. ती ‘सॉरी, सॉरी’ म्हणत उठली. एकानंही मान वळवून पाहिलं नाही. माझ्या शेजारच्या काकूंनी फक्त त्याच्या पायाजवळचा पाण्याचा पेला उचलून टेबलावर ठेवला आणि निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या फॉर्मचं अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू केलं. थोड्या वेळानं त्या आईनं चपला काढल्या.