मस, चट्टे आणि एकच बैठक

औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या मराठी वस्ती असलेल्या तालुक्यांतून बिदर किंवा कलबुर्गीच्या शासकीय रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाच्या अंगावर अनेक मस आणि तोंडात पांढरे चट्टे असतील, तर ते सर्व एकाच बैठकीत काढावेत अशी त्याची अपेक्षा असते आणि प्रवासाचा खर्च पाहता ती रास्तही आहे. मात्र जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची कमाल मात्रा, ॲड्रेनलिन मिसळलेले असल्यास, दर किलो वजनामागे सुमारे 7 मिलिग्रॅम मानतात. म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला 350 मिलिग्रॅम, आणि प्रत्येक ठिकाणी टोचलेले औषध या एकाच हिशेबात मोडत असल्याने पुष्कळ गाठी टप्प्याटप्प्याने काढाव्या लागतात.

लोंबता मस मुळाशी कापला की पुरते. संशयास्पद तीळ मात्र भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह लंबवर्तुळाकार छेदाने काढतात. प्रत्येक तुकडा जागेची नोंद केलेल्या स्वतंत्र बाटलीत, फॉर्मेलिनमध्ये ठेवणे हे काम कारकुनी वाटले तरी शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे असते, कारण बाटल्यांची अदलाबदल झाल्यास कर्करोग नेमका कोठे होता हेच कळत नाही.

तोंडातील ल्युकोप्लाकियाची, म्हणजे घासूनही न निघणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याची, गोष्ट निराळी आहे. तंबाखू-सुपारीने तोंडाचे संपूर्ण अस्तरच बिघडलेले असू शकते, ही कल्पना स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये मांडली; त्यामुळे चट्टा काढल्यानंतरही दुसरा शेजारीच उगवू शकतो. कर्नाटकाने 2013 मध्ये गुटख्यावर बंदी घातली असली, तरी शस्त्रक्रियेनंतर तंबाखू सोडणे आणि ठरावीक काळाने तोंड तपासून घेणे हा उपचाराचाच भाग राहतो.