जोखमीचे बाळंतपण : औषधाबरोबर धीरही हवा



एरवी आपण लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी बोलतो. आजचा विषय घरातला आहे. बायकांचा म्हणून पुरुष सभासदांनी पान उलटू नये. त्यांनीच तो आधी वाचावा.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले, जुळे असले, मधुमेह असला किंवा आधीचे सिझेरियन असले, की डॉक्टर 'जोखमीचे बाळंतपण' म्हणतात. याचा अर्थ, लक्ष जास्त ठेवायचे. पण बाई धास्तावून घरी येते. सासू म्हणते, "आम्ही नाही का कामं करता करता बाळंत झालो?" शेजारीण कुणाचे काय वाईट झाले ते रंगवून सांगते. नवरा खर्चाचा हिशेब काढतो. बाई गप्प होते.

हे गप्प होणेच घातक. रक्तदाब वाढला की डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडावर सूज चढते. बाळाची हालचाल मंदावली तर ते पहिल्यांदा तिलाच कळते. बोलणी बसतील म्हणून तिने हे लपवले, तर दोन्ही जीव धोक्यात येतात.

हे बाईचे नखरे नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत गरोदरपणी शंभरात सुमारे पंधरा आणि बाळंतपणानंतर सुमारे वीस जणींना मनाचा आजार, मुख्यतः नैराश्य, होते.

तेव्हा घरच्यांनी एवढे करावे :

१) तपासणीला नवऱ्याने सोबत जावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. आपल्या दुधनी भागात पुष्कळ घरांत कानडी बोलतात. डॉक्टरांचे सांगणे तिला तिच्या भाषेत नीट समजावून द्यावे.

२) अक्कलकोटला जायचे की सोलापूरला, सोबत कोण, पैसे कुठले, हे आधीच ठरवावे. १०२ व १०८ हे गाडीचे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. सोय झालेली दिसली की तिची अर्धी काळजी उतरते.

३) मुलगा की मुलगी, हा विषय तिच्यापुढे काढूच नये.

४) दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, सारखे रडू येते, असे असेल तर आशाताईंना सांगावे. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर रात्रंदिवस मराठीत आणि कानडीतही बोलता येते. "जगून काय उपयोग?" असे ती म्हणाली तर तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आणखी एक. आपल्या फडात तोडणीला आलेली गरोदर बाईही कुणाची तरी लेक आहे. उचल फिटायची आहे आणि खाडा झाला तर पैसे कापतील, या धास्तीने ती दुखणे अंगावर काढते. तिच्या डोक्यावर मोळी देऊ नका. मुकादमाशी बोलून तपासणीच्या दिवशी तिला मोकळी करा. एका दिवसाने आपला ऊस वाळत नाही.

रोज संध्याकाळी आपण पाण्याची पाळी विचारतो. त्याआधी घरात "आज कसं वाटतंय?" एवढे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी