खारवलेले मांस श्वानांना द्यावे का? धोका केवळ मिठाचा नाही

बेंगळुरू : हॅम, बेकन किंवा सलामीचा एखादा तुकडा पाळीव श्वानाने खाल्ला, तर निरोगी जनावराच्या बाबतीत सहसा घाबरण्याचे कारण नसते. मात्र हे पदार्थ त्याला नित्याचा खाऊ म्हणून देणे योग्य नाही.

बेंगळुरू महापालिकेने जुलै २०२५ मध्ये सुमारे ५,००० भटक्या श्वानांना चिकन-भात देण्याची योजना मांडली होती. असे ताजे शिजवलेले मांस आणि टिकवण्यासाठी मिठात मुरवलेले मांस यांत मोठा फरक आहे.

मीठ किती घातक?

१० किलो वजनाच्या प्रौढ श्वानाची दिवसाची गरज अर्ध्या ग्रॅमहून कमी मिठात भागते. १०० ग्रॅम हॅममध्ये साधारणतः २ ते ३ ग्रॅम मीठ असते. विषबाधेची लक्षणे मात्र शरीराच्या दर किलो वजनामागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेल्यावर दिसू लागतात. ४ ग्रॅमच्या आसपासचे प्रमाण जीवघेणे ठरू शकते. म्हणजेच या श्वानाला बाधा होण्यास अर्ध्या किलोहून अधिक हॅम लागेल. लहान जातींत, तसेच हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या श्वानांत धोका लवकर उद्भवतो.

अन्य धोके

बेकन व सॉसेजमधील अतिरिक्त चरबीमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. गोव्यातील चोरिससारख्या पदार्थांत लसूण असते. लसूण व कांदा श्वानांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात आणि शिजवल्यानेही हा दोष जात नाही. रक्तक्षयाची लक्षणे काही दिवसांनंतर दिसू शकतात.

मिठाचे पाणी पाजू नये

उलटी व्हावी म्हणून श्वानाला मिठाचे पाणी पाजण्याचा घरगुती उपाय अधिक घातक आहे. एका चमच्यात ५ ते ६ ग्रॅम मीठ मावते. त्यामुळे १० किलोच्या श्वानासाठी चार चमचेही विषबाधेस पुरेसे ठरतात.

श्वानाने खारट मांस खाल्ल्यास त्याच्यासमोर स्वच्छ पाणी ठेवावे आणि ते थोडे-थोडे पिऊ द्यावे. वारंवार उलट्या, झोकांड्या, थरथर किंवा झटके दिसल्यास विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे. बेंगळुरूत हेब्बाळ येथे १९५८ मध्ये स्थापन झालेले शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. श्वानाने काय, किती आणि केव्हा खाल्ले, याची माहिती व पदार्थाचे वेष्टन सोबत नेल्यास उपचारांची दिशा लवकर ठरते.